कूस बदलताना

सातवा महिना लागला, डोहाळजेवणाची गडबड सुरू झाली, की गर्भारणीच्या झोपेवरही घरच्यांची देखरेख सुरू होते. डाव्याच कुशीवर झोप. कूस बदलायची असेल तर आधी उठून बस आणि मग वळ, नाहीतर नाळ बाळाच्या मानेला गुंडाळेल. यातलं किती पाळावं? माझ्या मते शेवटच्या तीन महिन्यांत एकच गोष्ट पाळली तरी पुरे: झोपी जाताना उताणं न झोपता कुशीवर झोपायचं. डावी की उजवी हा प्रश्न त्यामानाने किरकोळ आहे, आणि नाळेची भीती तर निराधारच.

उताणं का नको, ते पाहू. पायांकडचं आणि ओटीपोटातलं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर मणक्याच्या पुढे, किंचित उजव्या बाजूला असते. आई उताणी झोपली की गर्भाशयाचा सारा भार या शिरेवर येतो. न्यूझीलंडमध्ये गर्भवतींच्या एमआरआय तपासण्या केल्या, तेव्हा उताण्या स्थितीत या शिरेतला प्रवाह ८५ टक्क्यांच्या आसपास घटलेला दिसला. आडवाटेच्या शिरांनी त्यातलं बरंच रक्त वाहून नेलं, तरी हृदयातून बाहेर पडणारं रक्त सुमारे १६ टक्क्यांनी कमी झालं. बहुतेक बाळं एवढं सोसतात. ज्याची वाढ आधीच खुंटली आहे, ज्याची वार नीट काम करत नाही, त्याला ते जड जाऊ शकतं. २०१९ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांची माहिती एकत्र तपासण्यात आली. त्यात २८ आठवड्यांनंतर बाळ पोटातच दगावलेल्या ८५१ स्त्रिया होत्या आणि तुलनेसाठी २,२५७ गर्भवती. उताणं झोपी जाणाऱ्यांमध्ये हा धोका अडीच पटींहून थोडा अधिक आढळला. पट मोठी वाटते, पण मुळातला धोकाच हजारांत काही थोड्यांना असतो, हे विसरून घाबरून जाऊ नये.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा, की बाळ गमावलेल्या आईला नंतर विचारलं, तर ती कसली तरी चूक शोधत आठवणार. त्या उत्तरावर किती भिस्त ठेवायची? हा दोष त्या अभ्यासांत आहेच. पण एमआरआयमधला रक्तप्रवाह कुणाच्या आठवणीवर अवलंबून नसतो, आणि तोही त्याच दिशेने बोट दाखवतो. दुसरा आक्षेप अमेरिकेतल्या अभ्यासाचा. तिथे आठ हजारांहून अधिक गर्भवतींना आधीच विचारून ठेवलं होतं, आणि झोपेच्या पद्धतीचा अनिष्ट परिणामांशी संबंध आढळला नाही. मात्र त्यांच्या झोपेची नोंद तिसाव्या आठवड्यापर्यंतचीच होती. गर्भाशय खरं जड होतं ते त्यानंतर. त्यामुळे पहिल्या सहा-सात महिन्यांत कसंही झोपा, एवढा दिलासा त्यातून जरूर मिळतो; नवव्या महिन्याबद्दल तो अभ्यास फारसं सांगू शकत नाही. शिवाय कुशीवर झोपायला पैसा लागत नाही. इतक्या स्वस्त सावधगिरीसाठी पुराव्याची पूर्ण खात्री होईपर्यंत थांबायचं कशाला?

डाव्या कुशीचा आग्रह आला तो ती शीर उजवीकडे असते म्हणून, आणि ऑकलंडच्या २०११च्या अभ्यासाने त्याला बळ दिलं. पण २०१९च्या एकत्रित तपासणीत डाव्या-उजव्यात फरक दिसला नाही. रात्रभर एकाच अंगावर पडून खुबा दुखवून घेण्यात अर्थ नाही. नाळेचं म्हणाल, तर बाळ गर्भजलात स्वतःच कोलांट्या मारत असतं. मानेभोवती वेढा पडतो तो त्याच्या हालचालींनी, आईच्या कूस बदलण्याने नव्हे. आणि असा वेढा बऱ्याच बाळांना असतो, तरी ती सुखरूप जन्मतात. मग अवघडलेल्या बाईला रात्री पाच वेळा उठून का बसवायचं? अंथरुणातून उठतानाची गोष्ट वेगळी. तेव्हा आधी कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन उठलं की पोटाला आणि कमरेला ताण कमी बसतो. मध्यरात्री जाग आली आणि आपण उताण्या आहोत असं दिसलं, तर घाबरायचं नाही, सरळ वळून पुन्हा झोपायचं. पाठीशी चादरीची जाड घडी लावली, गुडघ्यांमध्ये उशी घेतली, तर अंग आपोआप कुशीवर राहतं. त्यासाठी महागडी खास उशी आणायला नको. मात्र बाळाची हालचाल नेहमीपेक्षा मंदावली वाटली, तर कूस बदलून सकाळची वाट पाहू नये, रात्र असली तरी दवाखाना गाठावा.