धोक्याचा भाव कोण देतो?
(नाशिक जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज माझ्याकडे विषय आहे बाजारातला धोका आणि त्याची किंमत यावर विद्यापीठांत झालेले संशोधन. कोणी म्हणेल, आमच्या घरात शेअरचा कागद नाही, आमची जिरायत शेती, कपाशी आणि ज्वारी-बाजरी. आमचा या विषयाशी संबंध काय? संबंध आहे आणि तो जवळचा आहे. धोक्याचे हे सगळे शास्त्र ज्या एका मालाच्या भावाने मुळापासून हलवले, तो माल सोने नव्हता, पोलाद नव्हते. तो कापूस होता.

मी शेतकी कॉलेजचा पदवीधर. तिथे आम्हाला सरासरी शिकवली. सरासरी पाऊस, सरासरी उतारा, सरासरी भाव. या तिघांचा गुणाकार केला की शेतीचे अंदाजपत्रक तयार. बँक त्यावर कर्ज देते, सरकार त्यावर धोरण ठरवते. आज एवढेच दाखवायचे आहे की ही सरासरी कोरडवाहू शेतकऱ्याला कशी बुडवते आणि बुडणाऱ्याच्या धोक्याची किंमत कोणाच्या खिशात जाते.

न्यूयॉर्कचा कापूस, मुंबईचा आकडा

एके काळी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद भाव तारेने मुंबईला येत. व्यापारी त्यावर सौदे करत आणि गल्लीबोळातली माणसे त्याच भावांवर आकडा लावत. आपण ज्याला मटका म्हणतो त्याचे मूळ या कापसाच्या आकड्यात आहे.

साठीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एक गणिती तेच न्यूयॉर्कचे भाव वेगळ्या कामासाठी तपासत होता. बेन्वा मान्डेलब्रो त्याचे नाव. जन्म पोलंडचा, शिक्षण फ्रान्सचे, नोकरी आयबीएम कंपनीच्या संशोधन विभागात. १८८० ते १९४० पर्यंतचे दरमहाचे भाव आणि १९०० ते १९०५ मधले रोजचे भाव त्याने घेतले. शिवाय १९४४ ते १९५८ मधले भावही तपासले. १९६३ साली त्याने निष्कर्ष छापला.

त्याआधीचे शास्त्र काय म्हणत होते? १९०० साली पॅरिसमध्ये लुई बाशेलिए याने सट्ट्याच्या गणितावर प्रबंध लिहिला होता. त्याचे सार असे, की भाव रोज थोडा वर, थोडा खाली सरकतो. लहान बदल पुष्कळ आणि फार मोठे बदल इतके दुर्मिळ की हिशेबात न धरले तरी चालतील.

हे नीट समजून घेऊ. शंभर बोंडांचा कापूस वेचून तराजूत टाका. एखादे बोंड तीन ग्रॅम भरेल, एखादे पाच. पण शंभर बोंडांचे निम्मे वजन एकाच बोंडात भरले असे कधी झाले आहे का? नाही. बोंडाच्या बाबतीत सरासरी खरे बोलते. आता पावसाकडे पाहा. मालेगाव, नांदगाव, येवला या आपल्या भागात वर्षाचा पाऊस पाच-सहाशे मिलिमीटर. तो काही शंभर दिवसांत सारखा वाटून पडत नाही. एका रात्रीत शंभर मिलिमीटर कोसळतो, ओढ्याकाठची माती घेऊन जातो आणि मग तीन-तीन आठवडे थेंब नाही. वर्षाचा हिशेब त्या दोन-चार रात्री ठरवतात.

जुने शास्त्र म्हणत होते, भाव बोंडासारखा आहे. मान्डेलब्रोने दाखवून दिले की कापसाचा भाव पावसासारखा आहे. मोठे हादरे पुस्तकात लिहिल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा येतात. भाव पायरीपायरीने उतरत नाही, उडी मारतो.

तुम्हाला हे आकडेमोडीशिवाय ठाऊक आहे. मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कला कापूस पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला. वर्ष संपताना तो एका डॉलरच्या खाली होता. २०२२ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. २०२३-२४ च्या हंगामात तो सात हजारांच्या आसपास घुटमळत होता. दहा हजारांकडे पाहून ज्यांनी पेरा वाढवला त्यांना विचारा, उडी म्हणजे काय.

यातल्या काही उड्या तर दिल्लीतल्या एका सहीने होतात. एप्रिल २०१० मध्ये कापसाची निर्यात थांबवली. ५ मार्च २०१२ ला पुन्हा निर्यातबंदी. ऑगस्ट २०२५ मध्ये आयातीवरचे ११ टक्के शुल्क उठवले, तेही नवा कापूस बाजारात यायच्या तोंडावर. "भाव पडायला लागला की विकून टाकू," असे आपण म्हणतो. पण मधला भाव मिळायला मधली पायरी तर पाहिजे!

सरासरी जिंकते, शेतकरी हरतो

आता एक हिशेब करू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, तुम्ही घरी स्वतःचे घाला. पाच वर्षांत तीन चांगली, दोन वाईट.

पहिला शेतकरी सगळ्या रानात कपाशी लावतो. चांगल्या वर्षी एक लाख सुटतात, वाईट वर्षी साठ हजार अंगावर येतात. पाच वर्षांची गोळाबेरीज एक लाख ऐंशी हजार. दुसरा शेतकरी कपाशीत तुरीच्या ओळी घालतो, एका तुकड्यात ज्वारी करतो. चांगल्या वर्षी साठ हजार सुटतात, वाईट वर्षी दहा हजारांची खोट. गोळाबेरीज एक लाख साठ हजार. सरासरीने पहिला वीस हजारांनी पुढे. कॉलेजातला विद्यार्थी सांगेल, सगळी कपाशी लावा.

पण समजा, दोन्ही वाईट वर्षे आधीच आली. खोट भरायला सावकाराकडे जावे लागले, दर शेकडा तीन रुपये महिना, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. पहिल्याचे साठ हजार दुसऱ्या वर्षअखेर एक्क्याऐंशी हजार सहाशे होतात. त्यात नवे साठ हजार, एकूण एक लाख एक्केचाळीस हजार सहाशे. पुढची तिन्ही वर्षे चांगली जातात, तरी दोन वर्षांचे लाख-लाख रुपये सावकाराच्या वहीत जातात. पाचव्या वर्षअखेर त्याच्या हातात राहतात सुमारे पासष्ट हजार. दुसऱ्या शेतकऱ्याच्या हातात त्याच वेळी सुमारे एक लाख अठ्ठेचाळीस हजार असतात. आणि यात मी घरखर्च धरलेला नाही, दवाखाना धरला नाही, मुलीचे लग्न धरले नाही. ते धरले तर पहिल्याची जमीन तिसऱ्या वर्षीच गहाण पडलेली असेल. चांगले वर्ष आले, पण ते पाहायला शेत त्याचे राहिले नाही.

केवळ अडाण्याचेच असे होते असे समजू नका. रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स या दोघांना धोक्याची किंमत काढण्याच्या गणिताबद्दल १९९७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. दोघे अमेरिकेतल्या एका गुंतवणूक कंपनीत भागीदार होते. तिचा सगळा डोलारा उसनवारीवर उभा होता. १९९८ साली रशियाने कर्ज बुडवले, पुस्तकात न बसणारी उडी आली आणि कंपनी काही आठवड्यांत झोपली. तेव्हा अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्क शाखेने मोठ्या बँकांना एकत्र बसवून तिला सावरून धरले. धडा तोच, की कर्जावर घेतलेला धोका सरासरीची वाट पाहत नाही. फरक एवढाच की त्यांच्यासाठी बैठक बसली. आपल्यासाठी जप्तीची नोटीस येते.

तुरीच्या ओळी आणि नोबेल

सगळा पैसा एका ठिकाणी लावू नये हे १९५२ साली हॅरी मार्कोविट्झने गणिताने सिद्ध केले. त्यालाही पुढे नोबेल मिळाले. आपली आजी हे कपाशीत तुरीच्या ओळी टाकून करतच होती. पण मार्कोविट्झचे म्हणणे त्याहून बारीक आहे. नुसती पिके वेगळी असून भागत नाही, ती एकाच वेळी पडता कामा नयेत. कपाशीचा भाव पडला तरी ज्वारीचा कडबा जनावरांना होतो, तिथे मिश्रण उपयोगी पडते. पण १९७२ चा दुष्काळ आठवा. कपाशी गेली, ज्वारी गेली, तूर गेली, कडबाही गेला. शेजाऱ्याकडे हात पसरावा तर तोही रोजगार हमीच्या खडीवर. पाऊस सगळ्यांचा एकदमच जातो. हा धोका गावात वाटून टाकता येत नाही, तो गावाबाहेरच्या खांद्यावरच द्यावा लागतो. पीकविमा त्यासाठीच आहे. पण त्यातही भरपाई ठरते ती मंडळाच्या सरासरी उताऱ्यावर. माझे शेत करपले आणि मंडळाची सरासरी बरी आली, तर मला काही नाही. पुन्हा सरासरी!

१९६४ साली विल्यम शार्पने पुढचा प्रश्न सोडवला. बाजार कोणत्या धोक्याचे पैसे देतो? जो धोका वाटून टाकता येतो त्याचे देत नाही. जो सगळ्यांवर एकदम येतो आणि झटकता येत नाही, तो जो उचलेल त्याला जादा परतावा मिळाला पाहिजे.

आता मला सांगा, पाऊस आणि जगाचा बाजार हे दोन्ही न झटकता येणारे धोके आयुष्यभर कोण उचलतो? शार्पच्या हिशेबाने कोरडवाहू शेतकरी गावातला सर्वांत श्रीमंत माणूस असायला हवा. तो का नाही?

उत्तर पुस्तकातच आहे. शेअर घेणाऱ्याला धोका महाग वाटला तर तो शेअर घेत नाही. घेणारे हटले की शेअर स्वस्त होतो आणि स्वस्तात घेणाऱ्याला जादा परतावा सुटतो. म्हणजे धोक्याचे पैसे मिळतात ते "नको" म्हणता येते म्हणून. आपल्याला मृगात "नको" म्हणता येत नाही. रान पडीक ठेवता येत नाही. वेचणीनंतर देणेकरी दारात उभा, म्हणून कापूस घरात ठेवता येत नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचा धोका बाजार फुकट घेतो.

मंदी दिली, तेजी काढून घेतली

"नको" म्हणण्याचा हक्क विकतही मिळतो. मुंबईच्या कापूस बाजारात त्याला नावे होती तेजी आणि मंदी. थोडी रक्कम आधी मोजायची आणि ठरल्या भावाने माल विकण्याचा हक्क घ्यायचा, ती मंदी. भाव पडला तर हक्क वापरा, चढला तर सोडून द्या आणि बाजारात विका. सट्टा माजतो म्हणून १९३९ साली मुंबई प्रांताने कापसातले हे सौदे कायद्याने बंद केले. पुढे १९७३ साली ब्लॅक आणि शोल्स यांनी याच हक्काची किंमत काढण्याचे सूत्र मांडले आणि जगभर त्यावर मोठे बाजार उभे राहिले. आपल्याकडे शेतमालाच्या वायद्यांवर असे हक्क विकायला सेबीने परवानगी दिली ती २०१७ साली. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभरा, गहू अशा सात मालांचे वायदे थांबवले आणि ती मुदत पुढे पुन्हापुन्हा वाढवली.

आता १९७२ साली सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी या नजरेने पाहा. सरकारने हमी भाव दिला, म्हणजे आपल्याला मंदी दिली. ठीक. पण दुसऱ्याला विकायचे नाही, राज्याबाहेर न्यायचे नाही, म्हणजे आपली तेजी काढून घेतली. बाहेर भाव चढला त्या वर्षी त्या तेजीची किंमत शेतकऱ्याने भरली. कोणत्याही हिशेबवहीत ती लिहिली गेली नाही. २००२ मध्ये ती मक्तेदारी संपली, पण निर्यातबंदी हे त्याच हिशेबाचे दुसरे रूप आहे. खाली पडलो तर आमचे आम्ही, वर गेलो तर सरकार छत घालणार.

पेरणीआधी करायचे काम

पहिले, खरिपाचा हिशेब सरासरी वर्षावर करू नका. सर्वांत वाईट वर्ष कागदावर मांडा. त्या वर्षीही फेडता येईल एवढेच कर्ज कपाशीवर घ्या.

दुसरे, ज्वारीचा तुकडा मोडू नका. त्यातून सुटणारा पैसा थोडा, पण कडबा आणि घरचा दाणा हा आपला "नको" म्हणण्याचा हक्क आहे.

तिसरे, सगळा कापूस एका दिवशी विकू नका. ज्यांची तातडीची देणी आहेत त्यांचा माल थांबवून ठेवायला गावाने एकत्र गोदाम आणि तारण पाहावे. वायद्याच्या मापात एकट्याचा माल बसत नाही, दहा-वीस जणांचा बसतो.

चौथे, हमीभावावर बोलायला येणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला एकच प्रश्न विचारा. मंदी देता, ते चांगले, पण आमची तेजी तर काढून घेणार नाही ना?

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने गेल्या पाच वर्षांचा हिशेब लिहून आणावा. चांगल्या वर्षी किती सुटले ते नंतर. आधी वाईट वर्षी किती गेले आणि ते कोणी भरले, ते लिहा.