अंगठीच्या पोटातील अक्षरे

कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ नाटकात एका कोळ्याजवळ राजाची अंगठी सापडते आणि नगररक्षक त्याला चोर ठरवून बांधून नेतात. अंगठीवर दुष्यंताचे नाव कोरलेले असते. तेवढ्या पुराव्यावर त्या गरिबाच्या जिवावर बेतते. अंगठी माशाच्या पोटात मिळाली हे त्याचे म्हणणे खरे असते; पण त्याच्या बाजूने बोलणारा कोणी नसतो. रामायणातील मारुतीही रामनामांकित मुद्रिका घेऊनच अशोकवनात जातो आणि ती पाहिल्यावर सीतेचा विश्वास दृढ होतो. ह्या दोन्ही अंगठ्या कोणाच्या हे साऱ्यांना ठाऊक आहे. त्या कोणी घडविल्या, हा प्रश्न मात्र कोणाच्या मनात येत नाही. अंगठीवर नाव असावयाचे ते धारण करणाऱ्याचे; घडविणारा सोनार नामानिराळा राहावयाचा.

म्हणून एखाद्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आलेली जुनी अंगठी पुढे आली आणि ‘ही केव्हाची व कोणाच्या हातची’ असे कोणी विचारले, म्हणजे उत्तर देणे कठीण होते. सोन्याला गंज चढत नाही, म्हणून ते स्वतः आपले वय सांगत नाही. कसोटीच्या दगडावर सराफ त्याचा कस काढतो. पाण्यात वजन करून त्याचे विशिष्ट गुरुत्व काढता येते. शुद्ध सोन्याचे ते १९.३ भरते आणि हीण मिसळले की ते उतरते. परंतु ह्या परीक्षांनी सोने बावनकशी आहे की हिणकस, एवढेच समजते. एकच सोने आज आटवून उद्या नवे घडविता येते. धातू जुना, दागिना नवा. वय सांगावयाचे ते घडणीने, किंवा अंगठीच्या आतल्या अंगावर ठोकलेल्या बारीक खुणांनी.

ह्या खुणांची सर्वांत सुसंगत परंपरा इंग्लंडमध्ये आढळते. इ. स. १३०० मध्ये पहिल्या एडवर्ड राजाच्या कायद्याने ठरविले, की सोन्याचांदीची वस्तू सोनारांच्या श्रेणीतील मुखत्यारांनी पारखून तीवर चित्त्याच्या मुखाचा ठसा उमटविल्याशिवाय ती कारागिराच्या हातून बाहेर जाऊ नये. १३६३ मध्ये प्रत्येक उस्ताद सोनाराने स्वतःची निराळी खूण ठेवावी, असा दंडक आला. पुढे १४७८ मध्ये लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉल ह्या सोनारांच्या सभागृहात परीक्षेचे काम कायमचे सुरू झाले आणि त्या वर्षापासून दरसाल बदलणारे एक अक्षर वस्तूवर ठोकले जाऊ लागले. ‘हॉलमार्क’ हा शब्द आला तो ह्याच सभागृहावरून.

हे वर्षाक्षर इतिहासकारांच्या सोयीसाठी निघालेले नव्हे. हिणकस माल पास होऊन बाहेर पडला, तर त्या वर्षी पारख करणारा अधिकारी कोण होता हे कळावे आणि त्याला जाब विचारता यावा, हा त्यामागचा हेतू. अप्रामाणिकपणाला आळा घालण्यासाठी योजिलेली ही युक्ती शतकांनंतर कालनिर्णयाचे साधन ठरली. लंडनमध्ये वीस अक्षरे संपली की माला पुन्हा ‘ए’पासून सुरू होई, म्हणून अक्षराचे वळण आणि त्याभोवतीच्या ढालीचा आकार बदलीत. शिवाय १६६० पासून १९७४ पर्यंत हे अक्षर जानेवारीत नव्हे, तर मे महिन्याच्या अखेरीस बदले. एका अक्षरात दोन इसवी सने येतात, ती ह्या कारणाने.

अशी अंगठी वाचावयाची कशी, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका अंगठीच्या आत मुकुट व १८ हा आकडा, एक नांगर, एका व्यक्तीचे डावीकडे पाहणारे मस्तक, एक अक्षर आणि दोन आद्याक्षरे अशा खुणा आहेत. मुकुट व १८ म्हणजे अठरा कॅरट सोने, शेकडा ७५ शुद्ध. ह्या खुणेची जोडी १७९८ पासूनची. नांगर हे बर्मिंगहॅमचे चिन्ह. पण तेथील परीक्षागृह १७७३ मध्ये निघाले असले, तरी सोने पारखण्याचा अधिकार त्याला मिळाला १८२४ मध्ये. मस्तक हे राजाचे. कर भरल्याची ती पावती. ती प्रथा १७८४ मध्ये सुरू झाली आणि १८९० मध्ये बंद पडली. मस्तक डावीकडे पाहते, त्या अर्थी ते व्हिक्टोरिया राणीचे. आणि ती गादीवर आली १८३७ मध्ये. तेव्हा अंगठी १८३७ ते १८९० ह्या दरम्यानची ठरते. त्या त्रेपन्न वर्षांत एकच अक्षर दोनतीनदा येऊ शकते. त्याच्या वळणावरून नेमके वर्ष हाती लागते. अक्षर पाहण्यापूर्वीच बाकीच्या खुणांनी काळाच्या दोन्ही सीमा आखून दिलेल्या असतात.

काही वेळा एकच खूण पुरते. १८५४ मध्ये पंधरा, बारा व नऊ कॅरटच्या हलक्या सोन्याला परवानगी मिळाली आणि १९३२ मध्ये त्यांपैकी पंधरा व बारा रद्द होऊन चौदा आले. म्हणून ‘१५’ आणि ‘.६२५’ असे आकडे असलेली इंग्रजी अंगठी ह्या अठ्ठ्याहत्तर वर्षांतलीच असावयाची. शेफील्डने सोने पारखण्यास १९०४ मध्ये आरंभ केला. तेथील ठसा असलेली अंगठी पणजोबांनी १८८० मध्ये विलायतेहून आणली, अशी कुटुंबातील कथा असेल, तर त्या कथेचा आदर राखूनही ती दुसऱ्या अंगठीची आहे, असेच म्हणावे लागेल.

परंतु सर्वच अंगठ्या इतक्या बोलक्या नसतात. अठराव्या शतकातील इंग्रजी कायद्याने रत्नजडित दागिन्यांना ठशातून सूट दिली होती. तिला अपवाद होता तो शोक-अंगठ्यांचा. मृताच्या स्मरणार्थ आप्तेष्टांना अशा अंगठ्या वाटण्याची तेथे चाल होती. रोजनिशीकार सॅम्युएल पेपिस १७०३ मध्ये वारला, तेव्हा शंभराहून अधिक अंगठ्या वाटल्या गेल्या. अशा अंगठीवर मृताचे नाव, वय व निधनतिथी असे. अविवाहिताची असल्यास बहुधा पांढरा मिना, एरवी काळा. तिथी स्पष्ट असूनही घडणीचे वर्ष तिच्यावरून डोळे मिटून घेऊ नये. लेख केव्हाही कोरता येतो. ठसा मात्र परीक्षागृहातच उमटतो. दोहोंत विरोध आला, तर ठशाची साक्ष अधिक मोलाची. मात्र जुन्या दागिन्यातील ठशाचा तुकडा कापून नव्यात डाखलावून बसविणारे लबाडही होऊन गेले आहेत. म्हणून ठशाभोवती डाखाची रेघ दिसते का, हेही पाहावे लागते.

आता कर्त्याचा प्रश्न. आद्याक्षरे सारखी असलेले सोनार एका शहरात अनेक असत. त्यांना निराळे ओळखावयाचे ते ठशाच्या चौकटीच्या आकारावरून आणि परीक्षागृहातील नोंदवहीवरून. तरीही मिळालेले नाव प्रत्यक्ष घडविणाऱ्याचे असेलच असे नाही. वस्तू परीक्षेला पाठविणारा तिची जबाबदारी घेई. तो पेढीचा मालक असे आणि हातोडी चालविणारा कारागीर वेगळाच. लंडनच्या अठराव्या शतकातील काही नोंदवह्या गहाळ झाल्या आहेत. त्या काळचे कित्येक ठसे आजही स्वच्छ दिसतात. पण त्यांची नावे सांगणारी पाने उरली नाहीत.

हा धडा भारतालाही लागू आहे. भारतीय मानक ब्यूरोने २००० साली सोन्यावर हॉलमार्क देण्यास आरंभ केला, तेव्हा वर्षाचे अक्षरही ठोकले जाई. २००० साठी ‘ए’, २००१ साठी ‘बी’. ते २०१६ नंतर वगळण्यात आले. २०२१ पासून अनेक जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला आणि प्रत्येक दागिन्यावर सहा अंकाक्षरांचा स्वतंत्र क्रमांक येऊ लागला. सराफाची ओळख आता दागिन्यावर नसून त्या क्रमांकाआडच्या नोंदीत आहे. आज फसवणूक टाळण्यास ही व्यवस्था उपयुक्त होय. परंतु अंगठी दोनशे वर्षे टिकते. नोंद तितकी टिकली, तरच क्रमांकाला अर्थ.

आणि अंगठी तरी टिकावी! आपल्याकडे जुना दागिना मोडीत घालून नवा करणे ही रोजची गोष्ट आहे. मुशीत पडताच धातूचे मोल राहते आणि साक्ष पुसली जाते. बोटात बसत नाही म्हणून अंगठी वाढविताना, नेमकी ठशाच्या जागी कापली गेली, तरी तेच. मोडण्यापूर्वी घटकाभर भिंगाखाली तिचे अंतरंग पाहिले, खुणांचे रेखाटन करून ठेवले, तर काय गेले ते निदान कळेल. शाकुंतलातील कोळ्याला वाचविले ते अंगठी राजाच्या दृष्टीस पडल्याने. ती आधीच एखाद्या मुशीत गेली असती, तर दुष्यंताला काहीच आठवले नसते आणि शकुंतला कायमची विस्मृतीत राहिली असती.