वादळानंतर गाव राहते का?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी काही व्याख्याता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि नोकरीची बहुतेक वर्षे पुलांच्या कामात गेली. चिटणीसांच्या आग्रहाखातर आज उभा आहे. पूल आणि पाणी एवढेच मला थोडेफार कळते, म्हणून विषयही तोच निवडला आहे: चक्रीवादळ आणि लहान बेटांवरची माणसे.

आपल्यापैकी बहुतेकांनी रामेश्वर केले आहे. दर्शन झाल्यावर धनुष्कोडीलाही जाऊन आला असाल. चर्चच्या पडक्या भिंती, स्टेशनचे अवशेष आणि भोवती फोटो काढणारी मंडळी, एवढेच तिथे दिसते. पण १९६४ पर्यंत ते नांदते गाव होते. स्टेशन, पोस्ट, कस्टमचे ऑफिस, शाळा, सगळे होते. १९१४ साली पांबनचा पूल झाला आणि मद्रासची बोट मेल थेट धनुष्कोडीपर्यंत येऊ लागली. तिथून प्रवासी आगबोटीने सिलोनला, तलैमन्नारला जात.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री वादळ आले. पांबनहून सुटलेली ६५३ नंबरची पॅसेंजर धनुष्कोडीच्या अगदी जवळ पोचली असताना लाटांनी गिळली. गाडीत सुमारे ११५ माणसे होती. त्यांतले कोणी वाचले नाही. भारत आणि सिलोन मिळून मृतांचा आकडा सुमारे १,८०० सांगितला जातो.

लहान बेटाचीच अशी दशा का होते? वादळात वाऱ्यापेक्षा पाणी जास्त मारते. वारा समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे लोटत आणतो, आणि समुद्र उथळ असला की ते पाणी वर चढते. इकडे मोठ्या भूमीवर माणूस दहा-वीस किलोमीटर आत पळू शकतो. चिंचोळ्या बेटावर आत म्हणजे कुठे? पुढेही समुद्र, मागेही समुद्र. शिवाय बेटाला बाहेरच्या जगाशी जोडणारा दुवा एखादाच असतो, पूल नाही तर धक्का. तो तुटला की मदतीची वाटही तुटते. गोड्या पाण्याच्या विहिरींत खारे पाणी शिरते ते वेगळेच.

आता आम्हा रेल्वेवाल्यांच्या अभिमानाची गोष्ट. त्या रात्री पांबन पुलाचे शंभराहून जास्त गर्डर समुद्रात गेले. दुरुस्तीसाठी सहा महिन्यांची मुदत ठरली होती. बत्तीस वर्षांच्या ई. श्रीधरन या इंजिनिअरने समुद्रातून गर्डर शोधून काढले, ते पुन्हा बसवले आणि ४६ दिवसांत पूल उभा केला. नवीन पोरे कामावर आली की मी त्यांना ही गोष्ट आवर्जून सांगतो.

पण या गोष्टीची दुसरी बाजू मी कित्येक वर्षे सांगत नव्हतो, कारण ती माझ्याच ध्यानात आली नव्हती. पूल जोडला गेला तो रामेश्वरापर्यंत. धनुष्कोडीचा फाटा पुन्हा घातलाच नाही. सरकारने ते गाव राहण्यास अयोग्य ठरवले. यात मी कोणाला दोष देत नाही. वाळूच्या त्या पट्टीवर पुन्हा वस्ती करणे धोक्याचे होते, हे इंजिनिअर म्हणून मलाही कळते. तरीही काही कोळी कुटुंबे तिथे झोपड्या बांधून विजेवाचून राहिली, कारण त्यांचे पोट त्याच समुद्रावर होते. पक्का रस्ता टोकापर्यंत पोचायला २०१७ साल उजाडले.

त्याच २०१७ च्या सप्टेंबरात, पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला, बार्बुडा नावाच्या बेटावर असेच वादळ आले. आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो त्यालाच अटलांटिक महासागरात हरिकेन म्हणतात. नाव निराळे, जात एकच. बार्बुडा हे कॅरेबियनमधील अँटिग्वा आणि बार्बुडा या देशातले धाकटे बेट. बहुतेक सगळे सखल, आणि वस्ती कॉड्रिंग्टन या एकाच गावात, दीड-पावणेदोन हजारांची. ६ सप्टेंबरला इर्मा हरिकेन ताशी सुमारे २९५ किलोमीटर वाऱ्यानिशी त्यावरून गेले. दहांतली नऊ घरे मोडली. एक दोन वर्षांचे मूल दगावले. पाठोपाठ दुसरे वादळ येत होते, म्हणून सगळ्यांना बोटींतून अँटिग्वाला नेले. तीनशे वर्षांत प्रथमच त्या बेटावर माणूस उरला नाही.

जीव वाचले, आणि मग जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १८३४ साली गुलामगिरी संपल्यापासून तिथली माणसे जमीन सगळ्या गावाची मानत आली. आपल्याकडे गायरान असते ना, तसे. फक्त इथे सगळे बेटच गायरान! २००७ साली तसा कायदाही झाला होता. वादळानंतर काही महिन्यांतच सरकारने तो बदलायला घेतला. जमीन नावावर असली तर बँकेचे कर्ज मिळेल आणि मजबूत घरे बांधता येतील, असे सरकारचे म्हणणे. आपण बेघर असताना आपली जमीन बाहेरच्या हॉटेलवाल्यांना मोकळी होईल, असे अनेक बेटवासीयांचे म्हणणे. घरे उभी राहण्याआधीच नव्या विमानतळाचे काम मात्र सुरू झाले. तरी माणसे हळूहळू परतली. कॉड्रिंग्टनमध्ये आज पुन्हा वस्ती आहे.

बंधू-भगिनींनो, वादळ एका रात्रीत जाते. गाव राहणार की पुसले जाणार, हे त्यानंतरच्या महिन्यांत ठरते, आणि बहुतेक वेळा गावापासून दूर बसून ठरते.

आपणही पोटासाठी गाव सोडलेली माणसे. कोणी विट्याचे, कोणी आटपाडीचे, कोणी माझ्यासारखे बदलीने आलेले. तरी यात्रेला आपण रजा टाकून गाडी पकडतो, कारण आपले गाव जागेवर आहे. ते नसते तर तिकीट कुठले काढले असते?

म्हणून एकच विनंती करतो. पुढे कुठेही वादळ आले आणि मंडळाची मदतफेरी निघाली, तर तांदूळ आणि चादरी द्याच. पण सहा महिन्यांनी पुन्हा एकदा चौकशी करा की ती माणसे घरी परतली का. पूल किती दिवसांत जोडला, हे आम्ही रेल्वेवाले रजिस्टरात लिहून ठेवतो. मोडलेल्या गावात पहिली चूल कधी पेटली, हेही कोणीतरी लिहून ठेवायला हवे.



गणपती बाप्पा मोरया!