धुऱ्यावरचा नवरंग

आज एका पावसाळी पाहुण्याची गोष्ट सांगते.

आमचं शेत ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला आहे. मागच्या जुलैत सोयाबीन निंदायला भल्या पहाटे गेलो, तर नाल्याकडून शीळ ऐकू आली. दोनच सूर, एक चढता, एक उतरता. वाटलं, पोरं असतील. पण पळसाच्या झुडपाखाली पाचोळा हलला आणि पक्षी दिसला. साळुंकीपेक्षा जरा लहान, शेपूट आखूड. पाठ हिरवी, पंखावर निळा पट्टा, डोळ्यावर काळी पट्टी, गळा पांढरा, पोट फिकट बदामी आणि शेपटीखाली लालभडक. हाच नवरंग!

याची एक भावकी समुद्रकाठी असते. ओडिशातल्या भितरकनिकात आणि बंगालच्या सुंदरबनात, खारफुटीच्या चिखलात तो जाड चोचीनं खेकडे फोडून खातो. त्याला बघायला लोक होडीतून जातात. आपला नवरंग मात्र पाऊस लागला की दक्षिणेकडून आपल्या रानात येतो, पिल्लं वाढवतो आणि पावसाळा सरला की परत दक्षिण भारतात, श्रीलंकेत जातो.

एवढा रंगीत, तरी दिसत नाही, कारण तो झाडापेक्षा जमिनीवरच जास्त असतो. टुणटुण उड्या मारत पानं उलटतो, खालचे किडे, वाळवी टिपतो. घरटंही वाळल्या पानाकाड्यांचंच, चेंडूसारखं गोल, बाजूला दार. कधी जमिनीवर, कधी खालच्या फांदीवर.

म्हणजे पाचोळा हेच त्याचं धान्य आणि तेच घर. आणि आपण मे महिन्यात काय करतो? धुरे पेटवतो. आमच्याकडेही दरवर्षी पेटवायचे. मागच्या वर्षी नाल्याकडची बाजू तशीच राहू दिली, आणि नवरंग तिथंच दिसला. यंदाही तिथं काडी लावायची नाही, असं घरात ठरलंय.

बायांनो, तुम्हीही नाल्याकडचा एक तुकडा राखून बघा. पहाटे किंवा दिवेलागणीला शीळ आली, तर हलू नका, पाच मिनिटं गप्प उभ्या राहा. प्रवासात थकून तो कधी अंगणात पडलेला सापडतो. तेव्हा भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. पाणी चोचीत ओतू नका. वनविभागाला 1926 वर कळवा.

पाहुणा आपल्या दारी येतोय. त्याचं अंथरूण तेवढं जाळू नका.