यंत्राकडे सोंपविलेली आठवण

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७६ सालीं स्टीव्ह जॉन्सन यांची अख्खी सकाळ वायां गेली. आज्ञावलींतील चूक दुरुस्त झाली होती. परंतु दुरुस्त केलेला भाग यंत्रभाषेंत पुन्हा उतरविलाच गेला नव्हता. त्यामुळें निर्दोष लेखनांत दोष शोधण्याची पाळी आली. त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनीं यावर ‘मेक’ हें साधन रचिलें. कोणता भाग कशावर अवलंबून आहे, हें एका टिपणांत लिहून ठेवावयाचें. मग फायलींच्या वेळा ताडून जें जुनें ठरेल, तेवढेंच ‘मेक’ नव्यानें बांधतें.

परंतु टिपणांत एखादें अवलंबन लिहावयाचें राहिलें, तर यंत्र जुनाच भाग निमूटपणें वापरतें. शिवाय आज्ञेच्या ओळीआधीं ‘टॅब’च हवा, असा नियम फेल्डमन यांनीं घातला होता. त्यांतील गैरसोय कांहीं आठवड्यांतच ध्यानांत आली; पण तोंवर डझनभर लोक तें साधन वापरूं लागले होते. त्यांची घडी मोडूं नये म्हणून नियम तसाच राहिला व पुढें असंख्यांना जाचला.

सारांश, विसरण्याजोगें काम यंत्राकडे द्यावें. मात्र त्याच्या हातीं दिलेलें टिपण माणसानेंच वरचेवर तपासावें, आणि त्यांतील खोड वापरणारे थोडे आहेत तोंवरच काढावी.