खडकावरचा दिवा


अंगावर घोंगडी ओढून घ्या.
आज आपल्याला जायचंय एका दीपगृहावर,
ऐन कडाक्याच्या थंडीत.

अमेरिकेतलं मेन राज्य.
तिथल्या किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात एक खडक आहे.
मॅटिनिकस रॉक त्याचं नाव.
तिथं झाड नाही. शेजार नाही.

साल १८५६, महिना जानेवारी.
दीपगृहाचे राखणदार होडीनं शिधा आणायला गेले होते.
मागे होती आजारी आई, धाकट्या बहिणी...
आणि राखणदारांची सोळा वर्षांची मुलगी, ॲबी बर्जेस.

वादळ आलं.
लाटा खडकावर चढल्या.
ॲबीनं आईला, बहिणींना दगडी मनोऱ्यात नेलं.
मग टोपली उचलली,
आणि गुडघाभर पाण्यातून पुन्हा बाहेर धावली.
कशासाठी?
कोंबड्यांसाठी, श्रोतेहो!
एक सोडून सगळ्या वाचवल्या तिनं.
या पोरीचं काळीज मला इथंच दिसतं.

वडील अडकले किनाऱ्यावर.
होडी घालायची सोय नव्हती.
एक आठवडा गेला. दुसरा गेला.
इकडे दिवे मात्र रोज लागत होते.

दिवे म्हणजे बटण दाबलं आणि झालं, असं नव्हतं.
तेलाचे २८ दिवे!
प्रत्येकात तेल भरायचं.
प्रत्येकाची वात कातरायची.
काजळी पुसायची.
थंडीनं बोटं बधिर झाली, तरीही.

वडील परतले, तेव्हाही दिवे तेवत होते.
एकही रात्र चुकली नव्हती.
पुन्हा सांगते, एकही रात्र नाही.

आज अमेरिकी तटरक्षक दलाचं एक जहाज मेनच्या समुद्रात फिरतं.
बोटींना वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांची ते देखभाल करतं.
त्या जहाजाचं नाव आहे, ॲबी बर्जेस.