देवळालीचा मासा

नाशिकांत बसून माशांविषयीं बोलावयाचें, तर समुद्राची वाट धरली पाहिजे, असें आपणांस वाटत असेल. तसें कारण नाहीं. दारणेकांठच्या आपल्या देवळालीनें प्राणिशास्त्राला एक मासा दिलेला आहे.

सुंदरलाल होरा व के. एस. मिश्र यांनीं १९३८ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे क्युरेटर प्रेटर यांच्यावरून त्याला 'पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटरी' हें नांव मिळालें. नांव भलें मोठें, मासा चिमुकला! बाजारांत त्याला कोण विचारणार? होरा यांचें लक्ष मात्र अशाच माशांकडे असे. डोंगरी ओढ्यांच्या जोरकस प्रवाहांत दगडांना धरून राहणाऱ्या माशांचे ओठ, छाती आणि पर कसकसे बदलतात, हें त्यांनीं वर्षानुवर्षें पाहिलें. त्यावरूनच, असे मासे सातपुड्याच्या वाटेनें सह्याद्रीला पोंचले असावेत, हें अनुमान त्यांनीं मांडलें. तें सर्वांस मान्य झालें नाहीं. पण प्रश्न मोलाचा होता.

देवळालीचा हा मासा आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या यादींत 'अतिसंकटग्रस्त' ठरला आहे. पापलेट कमी झालें, कीं घरांतील बाईमाणसांना तें भावावरून तत्काळ कळतें. दारणेंतला हा जीव नाहींसा झाला, तर कोणताहि भाव चढणार नाहीं. तो आहे कीं नाहीं, हें कळण्यास एकच मार्ग : सांडपाण्याच्या वरच्या अंगाला, ओढ्याओढ्यांतून, जाळें व भिंग घेऊन कोणीतरी पाण्यांत उतरलें पाहिजे.